सेंद्रिय भाजी : आधी हिशेब, मग जयजयकार



रासायनिक खताने जमीन मेली, आता सेंद्रियच तारील, असे सांगणारे गावोगाव फिरत आहेत. तिकडे खताचा दुकानदार सांगतो, पिशवी टाकल्याशिवाय टोमॅटो पिकतच नाही. दोघांच्याही भाषणात एक गोष्ट नसते : शेतकऱ्याचा हिशेब. तो आपणच मांडला पाहिजे.

२०१२ साली 'नेचर' या नियतकालिकात जगभरच्या प्रयोगांचा आढावा छापून आला. सेंद्रिय पद्धतीत भाजीपाल्याचे उत्पादन सरासरी ३३ टक्के कमी भरले. २०१५ साली अमेरिकेतील दुसऱ्या आढाव्यात नफा तपासला गेला. बाजारात जादा भाव मिळाला तर सेंद्रियवाला २२ ते ३५ टक्के पुढे. जादा भाव वजा केला की तोच मागे. मजुरीचा खर्च मात्र ७ ते १३ टक्के जास्त. म्हणजे नफा सेंद्रिय खतात नाही, भावात आहे.

आता आपल्या बांधावर या. समजा, एकरी १०० किलो नत्र द्यायचे आहे. युरियात नत्र ४६ टक्के. ४५ किलोच्या पाच पिशव्या झाल्या. २०२४ च्या दराने साधारण १,३३० रुपये. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे २० टन खत, आणि तेही पहिल्याच हंगामात सगळे पिकाला लागू होत नाही. गोठ्यात एक बैलजोडी राहिली नाही, तिथे २० टन आणायचे कोठून? गाडीभाडे, पसरणी, आणि घरच्या बाईची निंदणी कोणत्या वहीत लिहायची?

भावाची गत तर विचारूच नका. हंगामी पिकासाठी प्रमाणपत्राआधी दोन वर्षांचा संक्रमणकाळ असतो. त्या काळात उत्पादन घटते आणि 'सेंद्रिय' म्हणून विकताही येत नाही. माल मोंढ्यात गेला की सगळी वांगी एकाच ढिगात, एकाच बोलीत.

मग जमीन? तिथे सेंद्रियवाल्यांचे म्हणणे खरे आहे, ते मान्य केले पाहिजे. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून एकाच शेतात दोन्ही पद्धतींची तुलना चालू आहे. २१ वर्षांच्या हिशेबात सेंद्रिय तुकड्यांत उत्पादन २० टक्के घटले, पण खताचा वापर ३४ ते ५३ टक्के कमी झाला आणि माती अधिक जिवंत राहिली. आपल्याकडे उन्हाने सेंद्रिय कर्ब जळतो. तो अर्ध्या टक्क्याखाली गेला की जमीन पाणी धरत नाही आणि टाकलेले खतही वाया जाते. युरिया स्वस्त ठेवून १९९२ साली स्फुरद-पालाश नियंत्रणमुक्त केले, तेव्हापासून खताचा तोलही बिघडला. तो दोष शेतकऱ्याचा नाही, धोरणाचा आहे.

श्रीलंकेत २०२१ च्या एप्रिलमध्ये सरकारने रासायनिक खतांवर बंदी जाहीर केली. नोव्हेंबरात ती मागे घ्यावी लागली. हुकुमाने माती सुधारत नाही.

म्हणून आमचे सांगणे सरळ आहे. सगळे रान एकदम बदलू नका. दहा गुंठ्यांवर करून पाहा. ताग-धैंचा गाडा, पाचट जाळू नका, माती तपासूनच पिशवी फोडा. घरची मजुरी धरून दोन्ही तुकड्यांचा खर्च लिहा आणि ती वही जिल्हा बैठकीला आणा. शहराला विषमुक्त भाजी हवी असेल, तर तिचा भाव शहराने मोजावा. जमिनीचे पुण्य शेतकऱ्याच्या उपासावर उभे राहत नाही.