आधी किलोमीटर मोजा, मग गाडी घ्या

डिझेलची गाडी म्हणजे काटकसर आणि पेट्रोलची म्हणजे उधळपट्टी, असा समज आपल्या व्यापारी बांधवांत अजून घट्ट बसलेला आहे. एके काळी तो खरा होता. 2012 साली डिझेल पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे 30 रुपयांनी स्वस्त होते, कारण सरकारने त्याचे दर धरून ठेवले होते. ऑक्टोबर 2014 मध्ये हे दर बाजारावर सोपवले गेले. आज तो फरक निम्म्याहून कमी आहे. एप्रिल 2020 मध्ये बीएस-सहा नियम आल्यावर डिझेल गाड्या महागल्या. मारुतीने तर डिझेल मोटारी बनवणेच थांबवले.

मी स्वतः या समजुतीने फसलो आहे. 2013 साली दीड लाख जास्त मोजून डिझेलची मोटार घेतली. वडाळ्याहून भद्रकालीतल्या दुकानात जाऊन-येऊन रोजचे जेमतेम 10 किलोमीटर. ते दीड लाख इंधनातून कधीच परत आले नाहीत. तेवढ्या रकमेत ईदच्या आधी मालेगावच्या मालाच्या गाठी रोखीच्या भावाने उचलता आल्या असत्या.

हिशेब साधा आहे. समजा, किलोमीटरमागे पेट्रोलला 8 रुपये आणि डिझेलला 5 रुपये लागतात. बचत 3 रुपये. म्हणजे दीड लाख फिटायला गाडी 50 हजार किलोमीटर धावली पाहिजे. नाशिक-मालेगाव जाऊन-येऊन 200 किलोमीटरच्या वर आहे. आठवड्याला तीन फेऱ्या करणाऱ्याचे पैसे दोन वर्षांच्या आत वसूल होतात. त्याने डिझेलच घ्यावे. माझ्यासारख्याला मात्र 16 वर्षे लागतील, आणि गाडीची नोंदणी असते 15 वर्षांची!

शिवाय नव्या डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. महामार्गाच्या वेगात ती काजळी जळून जाते. गल्लीबोळात ती साचते आणि दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो.

आता घरातल्या मुलांचा हट्ट. त्यांना सनरूफ हवे, मोठा पडदा हवा, चामड्याच्या सीटा हव्यात. या सजावटीपायी किंमत लाखाने वाढते आणि हप्ताही वाढतो, पण दुकानात एक गिऱ्हाईक वाढत नाही. ही फजूलखर्ची भांडवलातून जाते, हे मुलांना वही उघडून दाखवावे. एअरबॅग आणि एबीएस मात्र चैन नव्हे. रात्री राहुड घाट उतरणाऱ्याने तिथे पैसे वाचवू नयेत.

माझी बांधवांना एवढीच विनंती आहे. शोरूममध्ये जाण्यापूर्वी एक वही घ्या आणि महिनाभर रोजचे किलोमीटर लिहा. कापड मापल्याशिवाय आपण कात्री लावत नाही. मग गाडीच्या बाबतीतच अंदाजाने का चालावे?