पार्ट बदलण्याआधी ठिणगी बघा

कसारा घाट चढून आलेली जुनी एमजीबी इगतपुरीजवळ बंद पडते. बॉनेट उघडून अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा चालू होते. नाशिकला गॅरेजात ती पहिल्या सेल्फला उठते आणि मग अंदाज सुरू होतात: कार्ब्युरेटरमध्ये कचरा असेल, पंप गेला असेल, कॉइल बदलून बघू. दोन-तीन पार्ट बदलले जातात आणि पुढच्या घाटात गाडी पुन्हा उभी. रविवारी हौसेने फिरवायची गाडी असेल तर हे खपून जाते. रोज सातपूरला कामावर जाणारी असेल, तर मालकाचा मिस्त्रीवरचा विश्वास उडतो.

गरम झाल्यावर बंद पडण्याची मुख्य कारणे दोन आणि लक्षण मात्र एकच. एक तर डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सर किंवा कॉइल गरम होऊन दगा देते, नाहीतर पेट्रोलच्या लाइनमध्ये वाफ धरते. निवाडा गाडी बंद पडल्यावर पहिल्या काही मिनिटांतच करावा लागतो. इंजिन गार झाले की पुरावा गेला. म्हणून अशा गाडीत एक जादा प्लग कायम ठेवायला मालकाला सांगावे. तो प्लग वायरीला लावून कार्ब्युरेटरपासून लांब, इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा आणि सेल्फ मारायचा. निळी, कडक ठिणगी आली तर इग्निशन निर्दोष. पिवळी, मरतुकडी आली किंवा आलीच नाही, तर आधी पॉइंटचा गॅप बघावा (०.३५ ते ०.४० मिमी), मग कंडेन्सर, मग कॉइल.

पेट्रोलसाठी एमजीबीत कान पुरतो. मागच्या बाजूचा एसयू इलेक्ट्रिक पंप इग्निशन दिल्यावर थोडा वेळ टिकटिकतो आणि बाऊल भरले की थांबतो. टिकटिक भराभर होत राहिली आणि थांबेचना, तर तो पेट्रोलऐवजी हवा किंवा वाफ ओढतो आहे. बाऊल रिकामे असूनही गप्प असेल, तर पंपाचे पॉइंट आणि अर्थ तपासावा.

या गाड्यांचे नाव ऐकून बिचकण्याचे कारण नाही. १९५५ ची एमजीए ज्या १४८९ सीसीच्या बीएमसी बी-सिरीज इंजिनावर आली, त्याच घराण्याचे १४८९ सीसी इंजिन अँबॅसडरने वर्षानुवर्षे वापरले. एमजीबीचे १७९८ सीसी इंजिनही त्याच घराण्यातले. कॅम आणि कॉम्प्रेशन वेगळे, कार्ब्युरेटर एकाऐवजी दोन. टॅपेट सेट करण्याची रीत मात्र तीच. मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डवर ज्यांनी काम केले, त्यांना ट्रायम्फ स्पिटफायरही परकी वाटू नये. १९६२ मध्ये आलेल्या त्या गाडीची चॅसी हेराल्डवरूनच बेतलेली आहे.

पेट्रोल मात्र त्या काळचे राहिलेले नाही.

१ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. या जुन्या कास्ट आयर्न हेडमध्ये वेगळी कडक सीट नसते. त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये रुततो आणि टॅपेटचा गॅप वाढण्याऐवजी कमी होतो. टॅपेटचा आवाज गेला म्हणून मालक खूश होतो, पण ते धोक्याचे लक्षण आहे. दर सर्व्हिसला गॅप मोजून वहीत लिहावा. तोच व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा घट्ट होत असेल तर हेड उतरवून कडक सीट बसवावी. नाशिकसारख्या औद्योगिक शहरात हे काम जमणारी मशीन शॉप शोधायला लांब जावे लागत नाही.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. ते पाणी शोषते, जुने रबर फुगवते आणि मिक्श्चर लीन करते. रबराच्या सगळ्या जुन्या लाइन काढून आर९ दर्जाच्या घालाव्यात, पंपाचा डायफ्रॅमही इथेनॉल सोसणारा निवडावा. एसयूच्या जेटचा नट एकेक पैलू खाली फिरवला की मिक्श्चर रिच होते. दोन्ही कार्ब्युरेटरला सारखेच फिरवावे आणि गाडी पळवून आणून प्लग काढून बघावा. पांढराफटक प्लग म्हणजे अजून लीन. रंग फिकट तपकिरी हवा.

बाकी दोन गोष्टी थोडक्यात. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, चार्जर लावण्याआधी ते बघावे. आणि पाने इंचीच वापरावेत: अर्ध्या इंचाच्या मुंडीवर १३ नंबरचा पाना ढिला बसतो आणि तिचे कोपरे खातो.

अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. स्कॅनरवर शिकलेल्या मुलाला फिलर गेजची ती किंचित अडकती ओढ कोणी दाखवल्याशिवाय कळत नाही. ज्यांचे हात अँबॅसडर-हेराल्डवर बसले आहेत, त्या मिस्त्रींना आमची विनंती आहे: पुढच्या टॅपेट सेटिंगच्या वेळी एका तरुण फिटरला शेजारी बोलवा आणि गेज त्याच्या हातात द्या.