फाईल कोणाची?

दिल्लीत असताना एका वार्षिक अहवालाच्या पुनर्मुद्रणाची नस्ती माझ्याकडे आली. मूळ मांडणी इनडिझाइनच्या नव्या आवृत्तीत केलेली, कार्यालयात मात्र जुनी. फाईल उघडेना. मुद्रकाने तोवर व्यवसायच बंद केलेला. अखेर सारा अहवाल पुन्हा टंकलिखित करावा लागला, अर्थातच जनतेच्या पैशातून.

दोष सॉफ्टवेअरचा, असे म्हणून सर्वजण मोकळे झाले. मला हे मान्य नाही. नव्या आवृत्तीतील फाईल जुनीत उघडत नाही, हे जगजाहीर आहे. म्हणूनच २००८ च्या सीएस-४ पासून ती आयडीएमएल स्वरूपात देण्याची सोय आहे. त्यात नव्या आवृत्तीच्या काही करामती गळतात, पण मजकूर आणि मांडणी हाती राहते. आपण निविदेत ती मागितलीच नाही; छापील प्रती मोजून घेतल्या आणि देयक मंजूर केले.

ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे धोरण केंद्राने २०१० मध्येच जाहीर केले. पण निविदेच्या अटींत न उतरलेले धोरण कपाटातच राहते. माझा आग्रह एवढाच : पीडीएफ, आयडीएमएल, चित्रे आणि युनिकोडमधील मजकूर हाती आल्याशिवाय अंतिम देयक मंजूर होऊ नये. ज्या दस्तऐवजाची किल्ली दुसऱ्याकडे, तो शासनाचा कसा म्हणावा?