रोजा खेळाडूचा, हुकूम कोणाचा?

राजापूर तालुक्यातील नाटे हे मच्छीमारांचे गाव. रमजानमध्ये इथला खलाशी पहाटे सहरी करून होडीवर चढतो. कोणी दिवसभर पाण्याचा थेंब न घेता जाळे ओढतो. एखाद्याला उन्हात झेपले नाही तर तो पाणी पितो आणि राहिलेला रोजा पुढे भरून काढतो. भर समुद्रात त्याचा पंचनामा करायला कोणी नसते.

मोहम्मद शमी मात्र कॅमेऱ्यासमोर होता. ४ मार्च २०२५ रोजी दुबईत चॅम्पियन्स करंडकाच्या उपांत्य सामन्यात त्याने ऑस्ट्रेलियाचे तीन बळी घेतले आणि मैदानावर पेयाचे घोटही घेतले. दोनच दिवसांत बरेलीचे मौलाना शहाबुद्दीन रझवी यांनी त्याला शरियतच्या नजरेत गुन्हेगार ठरवले. वास्तविक प्रवासी आणि आजारी माणसाला रोजा नंतर ठेवण्याची मुभा खुद्द कुराणातच आहे. इतर मौलानांनी ते लगेच निदर्शनासही आणले.

आम्हाला आठवण होते ती ऑक्टोबर २०२१ ची. पाकिस्तानकडून भारत हरला आणि याच शमीला देशद्रोही म्हणून शिव्या घातल्या गेल्या. तेव्हा तो फार मुसलमान होता, २०२५ मध्ये पुरेसा मुसलमान नव्हता! दोन्ही वेळी त्याची गोलंदाजी कोणी पाहिलीच नाही.

या वादाने आपल्यातल्याही काहींना गुदगुल्या झाल्या. त्यांना आम्ही विचारतो, पाळवणकर बाळू आठवतात का? १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारा हा चर्मकार गोलंदाज. पुण्यात त्याच्या चेंडूवर सारे खूश होते, पण चहा मात्र त्याला पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात मिळे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्यायले, तर केवढा गहजब झाला! कोणी काय प्यावे, कुठे प्यावे यावर दुसऱ्याचा पहारा म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

याचा अर्थ रोजा ठेवणाऱ्याला हसावे असाही नाही. २०२१ साली इंग्लंडमध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस यांचा फुटबॉल सामना क्षणभर थांबला आणि मुस्लिम खेळाडूंनी रोजा सोडला. कोणाचे काही बिघडले नाही. उलट २०२४ साली फ्रान्सच्या फुटबॉल महासंघाने राष्ट्रीय संघांच्या शिबिरांचे वेळापत्रक रोज्यासाठी बदलायला नकार दिला. मौलानाने रोजा लादणे आणि महासंघाने तो मोडायला लावणे, दोन्हींत माणसाची मर्जी गेलीच.

आपल्या घटनेच्या २५ व्या कलमात धर्माचरणाच्या आधी सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आले आहे. वकिली करताना हा क्रम आम्ही कधी विसरत नाही. कायदा शासनाला बांधतो, समाजाला मात्र आपणच बांधायचे असते. धंदेवाईक खेळाडू हा घाम गाळून पोट भरणारा कामगार आहे, नाट्याच्या खलाशासारखाच. रोजा ठेवला तरी त्याचा मान राखा, नाही ठेवला तरी राखा. त्याच्या हातातला पेला मोजायचा अधिकार कोणालाही नाही. आपल्यालाही नाही.