फणा दिसला म्हणजे मूर्ती ओळखली असे नाही



जुन्या बौद्ध शिल्पातले एकच चिन्ह सुटे वाचले तर ते हमखास चकवते. नागफण्याचे उदाहरण यवतमाळ जिल्ह्याच्या वेशीवरच आहे. वणीकडून वर्धा नदी ओलांडली की भद्रावती लागते. तिथे विजासन टेकडीतली बौद्ध लेणी, पार्श्वनाथाचे जैन मंदिर आणि भद्रनागाचे देऊळ, तिन्ही आहेत. बुद्धावर पावसात फणा धरणारा मुचलिंद, तीर्थंकर पार्श्वनाथाच्या मस्तकावरचा धरणेंद्र आणि गावोगावी पुजला जाणारा नाग यांच्यातला फरक झिजलेल्या दगडात फण्यावरून कळत नाही. त्यासाठी बाकीच्या खुणा पाहाव्या लागतात. अंगावर चीवर (भिक्षूचे वस्त्र) आणि डोक्यावर उष्णीष (माथ्यावरचा उंचवटा) असेल तर मूर्ती बुद्धाची. दिगंबर तीर्थंकराच्या अंगावर वस्त्र नसते, छातीवर बहुधा श्रीवत्स हे चिन्ह असते.

वैनगंगेकाठच्या पवनीला हा प्रश्न पडत नाही. तिथल्या स्तूपाच्या १९६९-७० मधील उत्खननात मुचलिंदाचे नाव कोरलेले शिल्पच मिळाले. त्या स्तूपाच्या काळच्या शिल्पांत बुद्धाची मूर्ती नसते. बोधिवृक्ष संबोधी सांगतो, चक्र पहिले प्रवचन, स्तूप महापरिनिर्वाण. कारागिरांना मूर्ती जमत नव्हती म्हणून चिन्हे आली, हा समज टिकत नाही. त्याच हातांनी यक्ष आणि उपासक बारकाईने घडवले आहेत.

पुढे मूर्ती आली, पण चिन्हे गेली नाहीत. अजिंठ्याच्या १० क्रमांकाच्या लेण्यात स्तूप मूर्तीविना आहे. कित्येक शतकांनंतरच्या १९ आणि २६ क्रमांकांच्या लेण्यांत स्तूपावरच बुद्ध कोरला आहे. पहिल्या लेण्यातल्या बुद्धाचे हात धर्मचक्रमुद्रेत आहेत आणि आसनाखाली चक्र व हरणे आहेत. हरणे म्हणजे पहिल्या प्रवचनाचे ठिकाण, सारनाथचे मृगदाव. मुद्रा आणि आसन एकत्र पाहिले की प्रसंग नक्की होतो.

म्हणूनच जुन्या मूर्तींवर शेंदूर आणि तैलरंग चढवणे फार घातक आहे. चिवराच्या चुण्या, बोटांची ठेवण, आसनावरचे बारीक कोरीव काम, म्हणजे मूर्तीची ओळख ज्यावर ठरते तेच सगळे रंगाखाली जाते. श्रद्धेने केलेल्या लेपानेही पुरावा बुजतोच.

पुरातत्त्व खात्याने विदर्भातील प्रत्येक लेण्यापाशी मराठी फलक लावावा. त्यावर राजवट आणि शतक एवढेच न देता मूर्ती कोणत्या खुणांवरून ओळखली तेही लिहावे. गावकऱ्यांनी फुले जरूर वाहावीत, पण रंगाचा डबा मूर्तीपासून दूर ठेवावा.

— एक वाचक, वणी (जि. यवतमाळ)