हा विनय नव्हे

निफाड तालुक्यातला द्राक्षबागायतदार ऑक्टोबर छाटणी कधी घेतली, जिब्रेलिकची मात्रा किती ठेवली, डाउनी कशाने आटोक्यात आला, हे बागेतल्या चर्चासत्रात चारचौघांसमोर सांगतो. ऐकणारा शेजारी उद्या बाजारात त्याचा स्पर्धक असतो. त्याच तालुक्यात भाषा-साहित्य शिकवणारे आम्ही प्राध्यापक मात्र वीस वर्षांच्या अध्यापनातून जे गवसले ते महाजालावर जाहीरपणे मांडायला कचरतो, आणि त्या कचरण्याला विनय म्हणतो.

हा विनय तपासून पाहावा. पहिली सबब अशी की, विषय अजून पक्का झालेला नाही. मग तोच कच्चा विषय साठ विद्यार्थ्यांपुढे दरवर्षी ठामपणे कसा मांडला जातो? वर्गात चूक पकडणारा कोणी नसतो, जाहीर लेखनात असतो. खरी भीती त्याची आहे. दुसरी सबब चोरीची. वस्तुतः नाव आणि तारीख घालून प्रसिद्ध झालेल्या मजकुरावरचा हक्क सिद्ध करता येतो, कपाटातल्या वहीवरचा नाही. तिसरी सबब गुणांची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्रकाशनांना गुण लावले आणि अनेकांच्या लेखी वाचकापेक्षा आयएसबीएन मोठा ठरला. नियम जाचक असतील, पण गुण मिळत नाहीत म्हणून लिहायचे नाही, असे कोणत्याही नियमात म्हटलेले नाही.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ साली याच निफाडात झाला, हे आम्ही जयंतीला आवर्जून सांगतो. सरकारी नोकरीत असूनही १८७८ पासून सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांनी अर्थकारणावर आणि शेतीवर सातत्याने लिहिले. त्याच वर्षी लोकहितवादींसह पुण्यात ग्रंथकारांना एकत्र आणले. सरकारचा संशय आणि बदल्या वाट्याला आल्या, तरी लेखन थांबले नाही. आमच्यापुढे संकट कसले? फार तर स्टाफरूममधले कुत्सित हसू.

श्री. व्यं. केतकरांनी ज्ञानकोश काढला तेव्हा सगळे ज्ञान परिपूर्ण होईतो ते थांबले नाहीत. त्यातला काही भाग आज कालबाह्य आहे. पण तो छापला गेला म्हणूनच त्याची कालबाह्यता दाखवता येते. आज तो आणि मराठी विश्वकोश महाजालावर कोणालाही वाचता येतात. मराठी विकिपीडिया २००३ पासून लेखकांची वाट पाहत आहे.

आमच्या मौनाची किंमत विद्यार्थी मोजतो. व्याकरणातली शंका असो की कवितेतला अडलेला शब्द, त्याला हाताशी सापडते ते बाजारातले गाईड. त्यातल्या चुकांवर आम्ही चहाच्या कपासोबत हसतो. त्या दुरुस्त करणारे पानभर लेखन मात्र करत नाही. या भागातल्या बोलीचे, शेतीच्या शब्दांचे जे टिपण एखाद्या प्राध्यापकाने जमवलेले असते, ते त्याच्या निवृत्तीबरोबर घरी जाते आणि पुढे रद्दीत.

शिकवण्याचे वेतन समाज देतो. तेव्हा जे कळले ते जाहीर मांडणे ही मेहेरबानी नाही, कामाचाच भाग आहे. कोणी चूक दाखवली, तर ती दुरुस्त करून पुढे लिहावे.