मागे उभं राहणाऱ्या गड्यावर भरवसा कधी ठेवायचा?



कबड्डीचा सामना संपला की आपण कोणाचं नाव घेतो? चढाई करून गुण आणणाऱ्याचं. कोपऱ्यात उभं राहून अंगावर आलेल्याचा पाय धरणारा गडी कोण होता, हे घरी पोचेपर्यंत आपण विसरून जातो. हॉकीतही तीच गत. खडकीचा धनराज पिल्ले आपल्याकडे मोठ्या माणसांना माहीत असतो, कारण तो आघाडीला खेळायचा. पण त्याच्याच संघात मागे दिलीप तिर्की उभा असायचा. तीन ऑलिंपिक खेळला, देशाचा कप्तान झाला, चारशेच्या वर आंतरराष्ट्रीय सामने खेळला. त्याचं नाव किती जणांनी ऐकलंय? हात वर करा बघू!

दिलीपचं गाव सौनामारा. ओडिशा राज्यात सुंदरगड जिल्ह्यात हे खेडं आहे. त्या भागात लहान पोरं बांबूची काठी वाकवून हॉकी खेळतात. गावोगावच्या सामन्यांत जिंकणाऱ्या संघाला चक्क बोकड मिळतो. (आपल्याकडे नारळ आणि टोपी मिळते, बोकड मिळाला तर सगळी शाळाच मैदानात उतरेल.) त्याच सौनामारा गावात १९९३ साली अमित रोहिदास जन्मला. तोही बचावपटूच. मला आज त्याच्याबद्दल लिहायचं आहे, कारण मागे खेळणाऱ्या पोराला विश्वास मिळवायला किती वाट बघावी लागते ते त्याच्याकडे बघून कळतं.

२००४ साली, म्हणजे आपल्या पाचवी-सहावीच्या वयात, अमित घर सोडून राउरकेलाजवळच्या पानपोष क्रीडा वसतिगृहात राहायला गेला. २०१३ साली मलेशियातल्या इपोह शहरात आशिया चषक झाला, तेव्हा तो भारताकडून खेळला. वय अवघं वीस. भारताला रौप्यपदक मिळालं. आता कोणालाही वाटेल की झालं, पोरगं पोचलं! पण तसं झालं नाही. २०१४ च्या विश्वचषकाच्या संघात तो नव्हता. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकलाही नव्हता. संघात परत आला तो २०१७ साली. त्या डिसेंबरात भुवनेश्वरला जागतिक हॉकी लीगची अंतिम स्पर्धा झाली, त्यात भारताने जर्मनीला हरवून कांस्यपदक घेतलं. त्या संघात अमित होता. म्हणजे मधली तीन-चार वर्षं दुसऱ्यांचे सामने बघण्यात गेली. आपल्याला एका तासाला वर्गाबाहेर उभं केलं तरी किती वाईट वाटतं!

प्रशिक्षक दुष्ट असतात म्हणून असं होतं का? मला तसं वाटत नाही. नीट विचार करा. आघाडीच्या खेळाडूने चार वेळा चेंडू गोलाबाहेर मारला आणि पाचव्यांदा आत घातला, तर पेपरात त्याचा फोटो येतो. पहिले चार कोणी मोजत नाही. बचावपटूचं उलटं. एकोणीस वेळा अडवलं आणि विसाव्या वेळी पाय घसरला, की फळ्यावर गोल लागला आणि सगळे विचारणार, ‘तिथं कोण होता रे?’ म्हणून प्रशिक्षक जुन्या, मुरलेल्या गड्यालाच उभा करतात. नव्या पोराला उतरवलंच तर शेवटची पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत पोरगं घाबरलेलं असतं. चेंडू आला की शांतपणे जोडीदाराकडे द्यायचा सोडून दणकन कुठंतरी टोलवून देतं. मग प्रशिक्षक म्हणतात, ‘बघा, अजून डोकं थंड राहत नाही.’ खेळवल्याशिवाय डोकं थंड होत नाही, आणि डोकं थंड झाल्याशिवाय खेळवत नाहीत. कोंबडी आधी की अंडं आधी, तशातली गत झाली ही.

माझं स्पष्ट मत आहे की ही गाठ पहिल्यांदा मोठ्या माणसानेच सोडवायला पाहिजे. पोराच्या हातात फक्त सराव असतो. त्याला पूर्ण अर्धा डाव द्यावा, त्यात तो चुकला तर पुढचाही द्यावा, आणि मग ठरवावं.

आता अमितचं काम सांगतो, म्हणजे हे काम किती अवघड आहे ते कळेल. हॉकीत पेनल्टी कॉर्नर असतो. आपल्या गोलात गोलरक्षक धरून पाचच जण थांबतात, बाकीच्यांना मैदानाच्या मध्यरेषेपलीकडे जावं लागतं. समोरचा संघ गोलाच्या रेषेवरून चेंडू बाहेर ढकलतो, डीच्या वर्तुळाबाहेर एकजण तो थांबवतो आणि तिसरा काठीने उचलून गोलावर फेकतो. चेंडू दगडासारखा टणक, दीडशे ग्रॅमच्या वर वजनाचा, आणि ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने येणारा. चेंडू सुटला रे सुटला की बचावातल्या एकाने सरळ त्या फेकणाऱ्याच्या अंगावर धावून जायचं असतं. तोंडाला मुखवटा आणि गुडघ्याला कवच असतं, तरी अंग ते अंगच. अमित हा ही पहिली धाव घेणारा गडी. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हे काम त्याच्याकडे होतं. कांस्यपदकाच्या सामन्यात भारत जर्मनीपुढे ५-४ असा होता आणि सामना संपायला सात सेकंदसुद्धा नसताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. तो गोलरक्षक श्रीजेशने अडवला. हॉकीत ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक आलं. श्रीजेशचं नाव सगळीकडे झालं, ते व्हायलाच पाहिजे होतं. पण अशा वेळी अंगावर धावून जाणारे गोलांच्या यादीत कुठं दिसतात?

पुढे २०२३ च्या विश्वचषकात अमित उपकप्तान झाला. पहिला सामना स्पेनशी, तोही राउरकेलाला, म्हणजे त्याच्याच जिल्ह्यात. भारत २-० ने जिंकला आणि पहिला गोल अमितने केला. एकदा का होईना, गोलांच्या यादीत नाव लागलं!

आता खरी वादाची गोष्ट. ४ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिक, ग्रेट ब्रिटनशी उपांत्यपूर्व सामना. सतराव्या मिनिटाला अमितची काठी समोरच्या खेळाडूच्या डोक्याला लागली. पंचांनी लाल कार्ड दाखवलं. लाल कार्ड म्हणजे तो खेळाडू बाहेर, आणि त्याच्या जागी दुसरा घ्यायचा नाही. साठ मिनिटांच्या सामन्यातली चाळीसहून जास्त मिनिटं दहा जणांनी खेळायची! मधल्या फळीतला मनप्रीत सिंग मागे बचावाला आला. १-१ अशी बरोबरी राहिली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये भारत ४-२ ने जिंकला. पण अमितवर एका सामन्याची बंदी आली. उपांत्य सामना जर्मनीशी, त्यात तो नव्हता, आणि आपण ३-२ ने हरलो.

आमच्या वर्गात यावर दोन तट पडले. काही जण म्हणाले, त्याच्यामुळेच सुवर्णपदक गेलं, त्याला पुन्हा घ्यायलाच नको होता. मला हे पटत नाही. काठी मुद्दाम लागली की चुकून, यावर मोठ्या लोकांतही एकमत झालं नाही. आणि समजा चूक धरली, तरी शिक्षा भोगून झाली ना? एका मिनिटासाठी अकरा वर्षांचं काम पुसून टाकायचं, हा कुठला न्याय? वाण्याच्या वहीतसुद्धा उधारीबरोबर जमा लिहितात.

प्रशिक्षक क्रेग फुल्टन यांनी ८ ऑगस्टला कांस्यपदकाच्या सामन्यात अमितला पुन्हा उतरवलं. समोर स्पेन. भारत २-१ ने जिंकला. लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये हॉकीचं पदक, असं ५२ वर्षांनी झालं. दोन्ही गोल कप्तान हरमनप्रीत सिंगने केले, आणि गंमत बघा, तोही बचावपटूच!

पालकहो, तुम्हांला एक विनंती. सामना बघायला आलात की ‘आमच्या बाळ्याने किती गुण केले?’ एवढंच विचारू नका. त्याने किती जणांना परत जाऊ दिलं नाही, हेही विचारा. आणि पोराने एक पकड सोडली की रेषेबाहेरून ओरडू नका, त्याला आधीच कळलेलं असतं.

केंद्राच्या कबड्डी स्पर्धेसाठी आपल्या शाळेचा संघ निवडायचा आहे. डाव्या कोपऱ्यासाठी तीन नावं आली आहेत, त्यांतला एक गेली दोन वर्षं राखीव म्हणून बाकावर बसतोय. गुरुजींना माझी विनंती आहे की निवडीच्या सामन्यात तिघांनाही अर्धा-अर्धा डाव द्यावा. सामना शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, पाण्याच्या टाकीजवळच्या मैदानात आहे. सगळ्यांनी यावं.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी